"पुस्तकात असं कुठं होतं?" फॅन्टसी कादंबऱ्या आणि त्यांच्या मालिका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे, नंदुरबार, कुठंही चार वाचणारी मुलं जमली की हा वाद निघतोच. एकानं मालिका हिंदी डबिंगमध्ये संपवलेली असते, दुसऱ्यानं जाडजूड इंग्रजी खंड मिळवून वाचलेला असतो, आणि लगेच "पुस्तकमा ते असं नई शे!" सुरू होतं. त्या वादात पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं घेतले आहेत. उत्तरांत कथानकं उघड सांगितली आहेत. शेवट आधी कळलेला चालत नसेल, तर ती मालिका पाहून झाल्यावरच ते उत्तर वाचा.

पुस्तक जसंच्या तसं का दाखवत नाहीत?

पहिली अडचण वेळेची. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या, वेस्टरोस या काल्पनिक प्रदेशात घडणाऱ्या कादंबऱ्यांचा पहिला खंड 'अ गेम ऑफ थ्रोन्स' (१९९६). त्यात सुरुवातीचं छोटं प्रकरण धरून ७३ प्रकरणं आहेत. त्याचं ऑडिओबुक ३३ तासांच्या वर चालतं. २०११ साली आलेला 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेचा पहिला सीझन मात्र १० एपिसोडचा, म्हणजे १० तासांहून कमी. स्क्रिप्टचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, हा या धंद्यातला ठोकताळा. त्या हिशेबानं तासाभराच्या एपिसोडला ५०-६० पानं मिळतात. पुस्तकातल्या वर्णनांना तसा वेगळा वेळ लागत नाही, कारण किल्ला आणि जेवणाचं ताट एका शॉटमध्ये येतं. पण तेवढ्यानं भागत नाही. उपकथानकं, दुय्यम पात्रं, जुन्या लढायांच्या आठवणी गाळाव्याच लागतात.

म्हणून "अमुक सीझन म्हणजे अमुक पुस्तक" हे गणित पहिल्या दोन सीझननंतर जुळत नाही. तिसरा खंड तिसऱ्या आणि चौथ्या सीझनमध्ये वाटला गेला, तर चौथ्या आणि पाचव्या खंडांचा बराचसा भाग एकट्या पाचव्या सीझनमध्ये एकत्र आला.

पैसा किती आड येतो?

खूप, आणि तो कुठं आड आला हे नजरेला सापडतं. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या पहिल्या सीझनच्या शेवटाकडे राणी सर्सीचा भाऊ टिरियन लढाईला निघतो, गर्दीत डोक्याला मार बसून पडतो आणि शुद्धीवर येतो तेव्हा लढाई संपलेली असते. पुस्तकात तो ती लढाई स्वतः लढतो. तेवढी फौज उभी करणं तेव्हा परवडणारं नव्हतं. स्टार्क घराण्यातल्या मुलांचे पाळीव लांडगेही पुढं पुढं कमी दिसतात, त्यामागंही व्हीएफएक्सचा, म्हणजे कॉम्प्युटरवर दृश्यं घडवण्याचा खर्च आहे.

याचं जास्त बोचणारं उदाहरण 'हिज डार्क मटेरियल्स'चं आहे (२०१९ ते २०२२, तीन सीझन). त्या जगात प्रत्येक माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपात त्याच्या शेजारी वावरतो. त्याला डेमन म्हणतात. पुस्तकात डेमन नसलेला माणूस म्हणजे चेहरा नसलेला माणूस, इतकी ती कल्पना भयंकर वाटते. मालिकेच्या पहिल्या सीझनमध्ये गर्दीच्या प्रसंगांत बहुतेकांचे डेमन दिसतच नाहीत, कारण प्रत्येक प्राणी कॉम्प्युटरवर घडवायचा म्हणजे पैसा. त्याचा फटका पुढं बसतो. पुस्तकात नायिका लायराला एका झोपडीत टोनी मकारिओस नावाचा मुलगा सापडतो. त्याचा डेमन कापून काढलेला असतो आणि त्याच्या जागी तो एक सुकलेला मासा छातीशी घट्ट धरून बसलेला असतो. मालिकेत तो मुलगा बिली कोस्टा आहे आणि मासा नाहीच. बिलीची आई आपल्याला ठाऊक असते, त्यामुळे दुःख पोचतं. पण एवढी माणसं डेमनशिवाय फिरताना पाहिल्यावर एका मुलाचा डेमन नसण्याची किळस आणि भीती वाटायला हवी तेवढी वाटत नाही.

पात्रांच्या मनातलं पडद्यावर कसं आणतात?

फॅन्टसी कादंबऱ्यांमध्ये बरंच काही मनातल्या मनात घडतं. वेस्टरोसच्या खंडांत प्रत्येक प्रकरण एका पात्राच्या नजरेतून आहे. त्याला जे दिसत नाही ते वाचकालाही दिसत नाही. कॅमेऱ्याला असं एकाच डोक्यात बसता येत नाही. मग तीन वाटा उरतात : निवेदनाचा आवाज, बोलायला एखादा जोडीदार, किंवा नवा प्रसंग.

यातली तिसरी वाट आम्हाला सगळ्यात आवडते. पहिल्या सीझनच्या पाचव्या एपिसोडमध्ये राजा रॉबर्ट आणि राणी सर्सी आपल्या फसलेल्या लग्नाबद्दल शांतपणे बोलतात. पहिल्या पुस्तकात हे दोघंही निवेदक पात्रं नाहीत, त्यामुळे बंद दारामागचा हा प्रसंग तिथं येऊच शकत नव्हता. दुसऱ्या सीझनमध्ये स्टार्क घराण्यातली मुलगी आर्या टायविन लॅनिस्टरची साकी होते, हेही मालिकेचंच. पुस्तकात ती रूज बोल्टनकडे काम करते. आपल्या घराण्याच्या शत्रूसमोर रोज उभं राहून ओळख लपवायची, यातून आर्याच्या मनातली धास्ती एकही स्वगत न वापरता दिसते.

मुलांची वयं का वाढवतात?

'अ गेम ऑफ थ्रोन्स'च्या सुरुवातीला डेनेरिस १३ वर्षांची, रॉब आणि जॉन १४ चे, ब्रॅन ७ वर्षांचा. मालिकेत सगळे दोन-चार वर्षांनी मोठे. लग्न आणि शरीरसंबंधाचे प्रसंग असताना दुसरा मार्गच नव्हता, आणि असू नये. शिवाय बालकलाकारांच्या कामाचे तास कायद्यानं बांधलेले असतात आणि मुलं कथेपेक्षा भराभर वाढतात. पाचव्या सीझनमध्ये ब्रॅन अजिबात दिसत नाही.

किंमत मात्र चुकवावी लागते. १५-१६ वर्षांचा पोरगा राजा झाल्यावर लग्नाचं वचन मोडतो, हे पोरवयात समजून घेता येतं. तेच मोठ्या रॉबनं केलं की मूर्खपणा वाटतो.

दोन पात्रांचं एक केलं तर कथा बिघडते का?

नेहमी नाही. पुस्तकात ड्रॅगनस्टोनवर राजाच्या रक्तासाठी धरून ठेवलेला अनौरस मुलगा एड्रिक स्टॉर्म आहे. मालिकेनं ती जागा आपल्याला आधीच ओळखीच्या असलेल्या गेंड्रीला दिली. दोघांचा बाप एकच, राजा रॉबर्ट; दोघांच्या रक्ताला किंमत तीच. एक नवा नट, एक नवी ओळख वाचली आणि प्रसंगाला धार आली.

फसलेलं उदाहरण आर्याच्या बहिणीचं, सान्साचं. पुस्तकात रूज बोल्टनच्या क्रूर मुलाशी, रॅमसीशी लग्न लावून दिलं जातं ते जेन पूल या मुलीचं, तिला आर्या म्हणून खपवून. सान्सा त्या वेळी दूर व्हेल या प्रांतात, लिटलफिंगर या कारस्थानी दरबाऱ्याच्या ताब्यात असते. मालिकेनं जेनच्या जागी सान्साला बसवलं. आता प्रश्न असा पडतो की प्रत्येकाची कुंडली हाताशी ठेवणारा लिटलफिंगर आपलं सगळ्यात मोलाचं प्यादं, रॅमसी कसा आहे हे न तपासता, का देऊन टाकेल? मालिकेत याचं पटणारं उत्तर नाही. जेनचा छळ सान्साच्या वाट्याला आला, पण तिथं जाण्याचं सान्साचं स्वतःचं कारण तयारच केलं नाही.

दोन पात्रं जोडलेली दिसली की एवढंच विचारा : नव्या माणसाला त्या जागी पोचायला स्वतःचं कारण आहे का?

मग बदल चुकला असं कधी म्हणायचं?

मालिकेनं कारण काढून टाकलं आणि परिणाम ठेवला, की चुकला. आमच्या मते बहुतेक फसलेल्या बदलांचं मूळ इथंच असतं.

टिरियन आणि त्याचा बाप टायविन यांचा प्रसंग घ्या. तिसऱ्या पुस्तकात जेमी भावाला कोठडीतून सोडवतो आणि जाताना एक जुनं खोटं कबूल करतो. टिरियननं कोवळ्या वयात लग्न केलेली टिशा वेश्या नव्हतीच. ती खरोखर त्याच्यावर प्रेम करणारी मुलगी होती, आणि बापानं सांगितलं म्हणून जेमी खोटं बोलला. टिरियनचं आयुष्य त्या एका खोट्यावर उभं असतं. तो भावाला थप्पड मारतो, शिव्या देतो, आणि सुटकेची वाट सोडून बापाच्या खोलीकडे वळतो. तिथला त्याचा प्रश्न टिशाबद्दलचा असतो, आणि बापानं तिच्याबद्दल तोच शब्द पुन्हा उच्चारल्यावर बाण सुटतो.

चौथ्या सीझनच्या शेवटच्या एपिसोडमध्ये (जून २०१४) बापाची खोली, पलंगावरची त्याची प्रेयसी शे, संडासात बसलेला टायविन, बाण, सगळं आहे. टिशाचा कबुलीजबाब मात्र नाही. दोघे भाऊ गळाभेट घेऊन निरोप घेतात, आणि मग जीव वाचवायला निघालेला माणूस उगाच वरच्या मजल्यावर जातो. तोच शब्द तिथंही येतो, पण शेच्या संदर्भात. वाईट याचं वाटतं की पहिल्याच सीझनच्या नवव्या एपिसोडमध्ये, तंबूत पिता पिता टिरियन टिशाची गोष्ट सांगतो. बी पेरलेलं होतं.

दुसरं उदाहरण 'द विचर'चं. मूळ पोलिश कथांमध्ये राक्षसांची शिकार करणारा गेराल्ट आणि त्याच्या नशिबाशी बांधलेली राजकन्या सिरी आधी ब्रोकिलोनच्या जंगलात भेटतात. तो तिला नाकारून निघून जातो. पुढं युद्धानंतर एका व्यापाऱ्याच्या घरी ती पुन्हा समोर येते तेव्हाची मिठी अंगावर येते, कारण ती दुसरी भेट आहे. २०१९ च्या पहिल्या सीझनमध्ये सिरी ब्रोकिलोनला जाते खरी, पण गेराल्टशिवाय. शेवटची मिठी तशीच ठेवली आहे, फक्त ती आता दोन अनोळखी माणसांची पहिली भेट आहे.

लेखक स्वतः सामील असेल तर बदल होत नाहीत ना?

होतात. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या दुसऱ्या सीझनमधला 'ब्लॅकवॉटर' हा एपिसोड जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी स्वतः लिहिला. पुस्तकात टिरियन नदीच्या मुखाशी भली मोठी लोखंडी साखळी उभारून घेतो आणि शत्रूचं आरमार आत आलं की ती वर ओढून परतीची वाट बंद करतो. कितीतरी आधीपासून लोहार त्या कड्या घडवत असतात. एपिसोडमध्ये साखळी नाही. हिरव्या आगीनं भरलेलं एक जहाज आहे. 'पर्सी जॅक्सन'च्या २०२३ च्या मालिकेतही लेखक रिक रायोर्डन सोबत होते, तरी पुस्तकात गाठलेली मुदत मालिकेत पर्सीच्या हातून हुकते.

उलट बाजू उर्सुला ले ग्विन यांची. त्यांच्या 'अर्थसी'वरची छोटी मालिका २००४ मध्ये आली. पुस्तकातला नायक गेड तांबूस-तपकिरी कातडीचा आहे, त्या जगातली बहुसंख्य माणसं गोरी नाहीत, आणि हे त्यांनी जाणीवपूर्वक लिहिलं होतं. मालिकेनं गोरा नट घेतला. ले ग्विन यांनी जाहीर लेख लिहून नाराजी मांडली. हा बदल वेळ वाचवायला किंवा प्रसंग सोपा करायला झालेला नव्हता. पुस्तकानं घेतलेली भूमिकाच पुसली गेली, म्हणून त्याला आम्ही वरच्या सगळ्यांपेक्षा गंभीर मानतो.

पुस्तकं पूर्णच नसतील तर?

वेस्टरोसचा पाचवा खंड २०११ ला आला आणि सहाव्याची वाट पाहता पाहता मालिका २०१६ पर्यंत जवळपास सगळीकडे पुस्तकांच्या पुढं गेली. काही मोठे टप्पे लेखकानं निर्मात्यांना सांगितले होते, ब्रॅनला पाठीवर वाहून नेणाऱ्या होडोरच्या नावामागची गोष्ट त्यातलीच. पण दोन टप्प्यांच्या मधला रस्ता निर्मात्यांना स्वतः बांधावा लागला. त्यातच शेवटचे दोन सीझन ७ आणि ६ एपिसोडचे. आधी अख्खा सीझन खाणारे प्रवास एका एपिसोडमध्ये उरकतात ते त्यामुळे.

'रिंग्ज ऑफ पॉवर'मध्ये काळाचा एवढा गोंधळ का?

हक्कांमुळे आणि मर्त्य माणसांमुळे. ॲमेझॉनकडे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज', त्याची परिशिष्टं आणि 'द हॉबिट' यांचे हक्क होते; 'सिल्मरिलियन'चे नव्हते. म्हणजे ज्या पुस्तकात दुसऱ्या युगाची कथा सलग सांगितली आहे तेच हाताशी नाही, आणि परिशिष्टांमधल्या सनावळ्यांवरून सगळं उभं करायचं.

त्या सनावळीत दुसरं युग ३४४१ वर्षांचं आहे. अंगठ्या घडवणारा केलेब्रिम्बोर १६९७ मध्ये मरतो, न्यूमेनॉर हे माणसांचं बेट ३३१९ मध्ये बुडतं. मधे १६२२ वर्षं. एल्फ अमर असल्यानं त्यांना फरक पडत नाही, पण माणसांच्या कितीतरी पिढ्या उलटतात. दर सीझनला सगळी मानवी पात्रं नवी घ्यावी लागली असती. म्हणून मालिकेनं सगळं एका आयुष्यात आणलं. ही अडचण खरी आहे. जादूगार गॅन्डाल्फला मात्र तिसऱ्या युगातून उचलून आणण्याची तशी काहीच गरज नव्हती.

'हाउस ऑफ द ड्रॅगन'चं पुस्तक तर इतिहासासारखं आहे. तिथं मूळ कशाला म्हणायचं?

'फायर अँड ब्लड' (२०१८) मध्ये एकाच घटनेच्या दोन-तीन हकिकती येतात : धर्मगुरू यूस्टेसची, दरबारी विदूषक मशरूमची, ग्रँड मेस्टर मंकनची. मालिका एक हकिकत निवडते किंवा "कोणालाच खरं कळलं नाही" म्हणून स्वतःची देते. अशा पुस्तकाला ही पद्धत शोभते.

पण ठोस घटनांना तशी सूट नाही. पुस्तकात मारेकरी राणी हेलेनाला दोन मुलांपैकी एक निवडायला लावतात, ती धाकट्या मेलॉरचं नाव घेते, आणि ते थोरल्याला मारतात. मालिकेत मेलॉर नाही, त्यामुळे निवडही नाही. पुस्तकात हेलेना ज्यामुळे आतून मोडते तेच कारण गेलं.

नट सोडून गेला, साथ आली, तर?

मग कागदावर काहीही असो, बदल होतो. 'व्हील ऑफ टाइम'च्या पहिल्या सीझनमध्ये मॅटची भूमिका करणारा नट सहा एपिसोडनंतर बाहेर पडला. म्हणून सगळे पुढच्या वाटेला लागताना मॅट दारातच मागं राहतो. 'हिज डार्क मटेरियल्स'चा दुसरा सीझन ८ ऐवजी ७ एपिसोडचा आहे, कारण लायराच्या बापावरच्या, अॅझ्रिएलवरच्या स्वतंत्र एपिसोडचं शूटिंग २०२० मध्ये कोविडमुळे राहिलं.

आपल्याकडं असं झालंय का?

'चंद्रकांता' बघा. देवकीनंदन खत्री यांची कादंबरी १८८८ ची, दूरदर्शनवरची मालिका १९९४ ची. कादंबरीतली जादू ही कारागिरी आहे. ऐयार, म्हणजे वेषांतरात तरबेज हेर, वेश बदलतात, बेशुद्धीचं औषध हुंगवतात, लखलखा हुंगवून शुद्धीवर आणतात, सामानाचा बटवा कंबरेला लावून फिरतात. तिलिस्म म्हणजे कोणीतरी बांधलेली, युक्तीनं उघडणारी भूलभुलैयाची वास्तू. वाचकाला मजा येते ती "हे कसं केलं असेल" यात. मालिकेनं खरोखरची मायावी शक्ती आणली आणि कथा भलतीकडं वाढवली. खलनायक क्रूरसिंहाचं "यक्कू" घराघरांत पोचलं, पण मंत्रानं सगळंच होऊ लागल्यावर ऐयारांच्या अकलेला काम उरत नाही. ज्यांनी लहानपणी फक्त मालिका पाहिली त्यांनी कादंबरी जरूर वाचावी. वेगळीच गोष्ट हाती लागते.

आपल्या कानबाईच्या गाण्यांत गावोगाव फरक असतो, तो चालतो. मग मालिकेलाच का धरता?

प्रश्न चांगला आहे. श्रावणात खान्देशात कानबाई देवी बसते तेव्हा एका गावची गाणी दुसऱ्या गावात जशीच्या तशी ऐकू येत नाहीत, आणि कोणी तक्रार करत नाही. तिथं मूळ असा एक कागद नाही, आणि ऐकणाऱ्यांना कथा आधीच पाठ असते. गाळलेलं ते मनात भरून घेतात. मालिका बघणाऱ्या बहुतेकांनी पुस्तक उघडलेलंही नसतं. जे पडद्यावर नाही ते त्यांच्यासाठी नाहीच. म्हणून कारणं पडद्यावर दिसली पाहिजेत.

हिंदी डबिंगवरून तुलना करावी का?

नको. डबिंगमध्ये ओठांच्या हालचालीला जुळवायला वाक्यं छाटतात. एखादा संवाद हरवलाय असं वाटलं तर मूळ आवाज आणि सबटायटल लावून तो प्रसंग पुन्हा बघा, आणि मगच पटकथेला दोष द्या.

मराठीत वाचायला काय मिळेल?

हॅरी पॉटरचे खंड मराठीत आहेत, आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा मुग्धा कर्णिक यांनी केलेला अनुवाद 'स्वामी मुद्रिकांचा' या नावानं आहे. तुमच्या वाचनालयात नसतील तर ग्रंथपालांकडे लेखी मागणी द्या. चार-पाच सभासदांनी एकत्र दिली तर खरेदीच्या यादीत लवकर जाते. बाकीच्यांसाठी इंग्रजीच वाचावं लागतं. हॅरी पॉटरची नवी मालिका २०२३ मध्ये जाहीर झाली आहे, तेव्हा ते खंड आत्ताच वाचून ठेवणं बरं.

तुलना करायची तर नेमकी कशी?

अख्खा सीझन घेऊ नका. एक एपिसोड आणि त्याला लागणारी दोन-तीन प्रकरणं घ्या. आधी वाचा, मग बघा. उलट केलं तर वाचताना नटांचेच चेहरे दिसतात आणि पुस्तकातलं वय, रंग, जखमा नजरेतून सुटतात. पुस्तकात टिरियनचं नाक जवळजवळ पूर्ण कापलं जातं, मालिकेत गालावर व्रण आहे. आधी मालिका पाहिलेल्यांना हे पान वाचूनही आठवत नाही.

वहीत पाच रकाने आखा : घटना, पुस्तकातलं कारण, मालिकेतलं कारण, ती कोणाच्या हातून घडते, पुढं तिच्यावर काय उभं आहे. शेवटचा रकाना लगेच भरत नाही, दोन-तीन एपिसोड थांबावं लागतं. लोक इथंच घाई करतात, पहिल्या फरकाला निकाल देऊन मोकळे होतात. "केस काळे होते, इथं भुरे" असल्या नोंदी वेगळ्या पानावर ठेवा, नाहीतर त्याच वही भरून टाकतात. उन्हाळ्यात लाइटचा भरवसा नसेल तर एपिसोड आधी मोबाइलवर उतरवून ठेवा, म्हणजे मधेच तुटत नाही.

सुरुवात कोणत्या जोडीपासून करावी?

'द लास्ट विश' या संग्रहातली 'द लेसर ईव्हिल' ही कथा आणि 'द विचर'चा पहिला एपिसोड. कथा एका बैठकीत वाचून होते, एपिसोड तासाभराचा. एका रविवारी दोन्ही उरकतात. कथेत रेन्फ्रीच्या टोळीचा बेत असा : बाजाराच्या दिवशी लोकांना कापत सुटायचं, म्हणजे मनोऱ्यात लपलेला जादूगार बाहेर येईल. तो बेत हाणून पाडायला गेराल्ट टोळीला मारतो, आणि जादूगार तर कोणासाठीही बाहेर येणार नव्हताच हे कळतं. लोकांना यातलं काहीच ठाऊक नसतं. ते गेराल्टलाच दगड मारतात. एपिसोडमध्ये दगड आहेत, बाजारही आहे. त्या धमकीचा उलगडा तिथं किती झाला, हे पाहून वहीतला दुसरा आणि तिसरा रकाना भरा.